थोरलीपाशी बोललेलं

"वहिनी, मदतीला बाई लावलीत ते बरं केलंत," दूधगाडीवाला म्हणाला. हॉटेलच्या मागच्या दारात तो रिकामे कॅन गाडीत चढवत होता आणि ती वापरलेल्या चादरींची गाठोडी आत ओढत होती. "एकट्या गड्याला कुठं झेपतंय जनावराचं? रोज सकाळी दिसते मला रस्त्यावरून, तुमच्या गोठ्याच्या दाराच्या फटीतून. हिरवी साडी, डोक्यावरून पदर. पाठमोरीच असते, पण कामाची दिसते." ती "हो ना" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आपल्या घरात कोण वावरतं हे आपल्याला दुसऱ्याकडून कळतंय, हे त्या दुसऱ्याला तरी कळू नये, एवढं भान तिला त्याही क्षणी होतं. वर ती थोडं हसलीसुद्धा. दूधगाडीवाला तिच्याच गावचा. रोज सकाळी गावचं दूध घेऊन यायचा, शहरातल्या दोनचार हॉटेलांना घालायचा आणि दुपारी परतायचा. हे काम त्यानंच मिळवून दिलं होतं. भला माणूस, पण पोटात काही ठेवणारा नव्हे. आज तिला सांगितलं तसं उद्या तिचं तोंड कसं झालं तेही गावात सांगेल. गाडी वळून गेली. ती तिथंच उभी राहिली, गाठोड्याची गाठ मुठीत धरून, आणि मागून मुकादमानं हाक मारली तेव्हा आत गेली.

धुलाईखान्यात तिचं काम निवडणीचं. यंत्रात टाकण्यापूर्वी चादरी उलगडायच्या, डाग बघायचे, डागाप्रमाणे ढीग लावायचे. या कामाला गडी घेत नाहीत. गड्याला डाग दिसत नाहीत, असं मुकादम म्हणायचा. स्वस्तात राबत नाहीत, असं इस्त्रीवाली म्हणायची. म्हणून तर नवऱ्याऐवजी ती शहरात आली होती. चारा मिळेना, शेतात काही उरलेलं नाही, नवऱ्याची पाठ धरलेली. दोघांपैकी एकाला निघायलाच हवं होतं आणि काम होतं ते बाईला होतं. सुरुवातीला चादरी उलगडताना तिला लाज वाटायची. परक्यांच्या झोपेत हात घातल्यासारखं वाटायचं. मग सवय झाली, आणि सवयीबरोबर एक वाईट विद्या आली. चादर हातात घेतली की कळायचं, एकटं कोण झोपलं, कोण रात्रभर कूस बदलत राहिलं, कोण दोघं होते आणि त्यातलं एक पहाटे उठून गेलं. एक लांब केस पुरायचा. आज तिच्यासमोर चादरी येत होत्या आणि तिला प्रत्येक चादरीवर आपली घरची खाट दिसत होती. ती खाट गोठ्याच्या भिंतीला लागून. भिंत कसली, फळ्याच त्या. एका अंगाला माणसं, दुसऱ्या अंगाला थोरली म्हैस.

हिरवी साडी. पाच साड्या घेऊन ती शहरात आली तेव्हा हिरवी मुद्दाम मागं ठेवली होती. ती धारेची साडी. कितीही धुतली तरी तिचा म्हशीचा वास जात नसे. गोठ्यातल्या खुंटीला अडकवलेली असायची; धारेला बसायच्या आधी अंगावर गुंडाळायची, उठलं की परत खुंटीला. काठ एका जागी उसवलेला, कारण थोरलीनं एकदा तिथं शिंग घातलं होतं. म्हणजे जी कोण आहे ती घरात येते एवढंच नाही, खुंटीवरची आपली साडी काढून नेसते. तिला बाईपेक्षा साडीचा राग जास्त आला, आणि आपल्याला साडीचा राग यावा याचाही आला. नवरा म्हणजे काय, आज इथं उद्या तिथं. पाय फुटायला त्याला वेळ लागत नाही. पण ती साडी तिनं कुणाला दिली नव्हती. आणि थोरली? थोरलीनं हात कसा लावू दिला?

हे खरं कुसळ होतं. थोरली परक्या हाताला पान्हा सोडत नाही, हे गावात पोरंही सांगतील. तिची धाकटी बहीण होती म्हणून ती थोरली. चाऱ्याची टंचाई पडली तेव्हा धाकटी विकली आणि थोरली नुसत्या नावाची थोरली राहिली. आईनं दिलेल्या म्हशीच्या पोटची ती. जन्मली तेव्हा हिनंच तिच्या नाकातोंडातला चिकटा पुसला होता. पण जनावरांचा डॉक्टर आला की दारातूनच विचारायचा, "मालक आहेत का?" मालक बाहेर बसलेले असायचे. मग मालकांचं नाव कानातल्या बिल्ल्याला लागलं. लाथा तेवढ्या हिच्या नावावर राहिल्या. दुभत्या जनावराच्या लाथा गोड म्हणतात, म्हणणाऱ्यानं खाल्लेल्या नसतात. दूध केंद्रावर न्यायचं ते नवऱ्यानं, काढायचं ते बायकोनं, अशी गावाची वाटणी होती आणि ती कुणी मोडत नसे. गिरणीवाल्यानं एकदा मोडली. बायको आजारी म्हणून आठवडाभर धारेला बसला, तर आज पन्नाशीला आलेल्या, झुपकेदार मिशांच्या त्या माणसाला पोरंसोरं "मावशी" म्हणून हाक मारतात. दळण टाकायला येणारी म्हातारी माणसंसुद्धा म्हणतात. हिचा नवरा सगळ्यात मोठ्यानं हसला होता. हसता हसता त्याला ठसका लागला होता, तिला चांगलं आठवतं.

तिच्या हातालाही थोरली काही फुकट पान्हवत नव्हती. तिला बोलणं लागे. नुसतं चुचकारणं नाही, बोलणं. बोलणं थांबलं की पान्हा चोरायची, कास दगडासारखी करायची आणि मान वळवून बघायची: पुढं? त्यात या वेताचं रेडकू दगावलेलं, म्हणजे तर बोलण्यावाचून गतीच नाही. आता रोज पहाटे म्हशीशी बोलायचं तरी काय? माणूस जे पोटात असतं तेच बोलतो. घरात ती नवऱ्याला "अहो" म्हणायची आणि त्यापुढं फारसं काही म्हणत नसे, कारण तो तरी कुठं बोलायचा? हूं आणि हां यावर त्यानं अर्धा संसार ढकलला. गोठ्यात मात्र तिनं त्याला नाव ठेवलं होतं, घुम्या. घुम्या असा, घुम्या तसा. तो फळ्यांपलीकडे गाढ झोपलेला असायचा, आणि ती कासेला कपाळ टेकून हळू आवाजात त्याची गाऱ्हाणी सांगायची. त्याच्या घोरण्यापासून सुरुवात. मग मीठ कमी पडलं म्हणून अर्ध्यावर ठेवलेलं ताट. मग आईच्या आजारपणाचं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा चार दिवस जाऊन येते म्हणाली, तर तो म्हणाला, "धार कोण काढणार?" बस्, एवढंच. रागावला नाही, ओरडला नाही, खरोखरच विचारल्यासारखं विचारलं. ती गेली ती आई गेल्यावर. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, लेकीलासुद्धा नाही. थोरलीला सांगितलं. आणि एकदा, फार जिवाला लागलं होतं तेव्हा, आणखी एक बोलली होती. ते एकदाच. ते आठवलं की अजूनही तिला कानकोंडं व्हायचं, म्हणून ती आठवत नसे.

हातात चादर तशीच होती. शेजारच्या टेबलावरून इस्त्रीवाली बघत होती. इस्त्रीवाली आणि ती एकाच खोलीत राहायच्या, एकाच दोरीवर दोघींचे कपडे वाळायचे. तिच्यापासून काही लपत नसे. "काय झालं गं?" तिनं विचारलं. "काही नाही." "काही नाही म्हणतेस तेव्हा काहीतरी असतं." मग ती बोलली, आणि इस्त्रीवाली ऐकता ऐकता उशांच्या अभ्र्यांच्या झपाझप घड्या करत राहिली. "मी सांगते ऐक. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण मांजरच ते. फोन वेळेवर उचलतो का?" नाही उचलत. धारेच्या वेळेला तर कधीच नाही. "मग!" इस्त्रीवालीचा हा "मग" ऐकून तिला बरं वाटलं आणि त्याच क्षणी इस्त्रीवालीचा संशय आला, की हिला हे ऐकायला आवडतंय. इस्त्रीवालीचा स्वतःचा नवरा परागंदा होता. ज्याचं जळतं त्याला कळतं खरं, पण ज्याचं जळून गेलंय त्याला दुसऱ्याच्या घरचा धूर बघून हायसंही वाटत असेल.

तिच्या मनात आता मागचं एकेक उजेडात यायला लागलं. शहरात आली ते पहिले दिवस नवरा फोनवर रडकुंडीला आलेला असायचा. "देत नाही गं. लाथ मारते. काल चरवीच उलथवली." तिला वाईट वाटायचं, आणि खोटं का बोला, थोडं बरंही वाटायचं. आईच्या वेळी विचारलं होतंस ना, धार कोण काढणार? काढ आता. मग एके दिवशी अचानक म्हणाला, "देते आता." "कशी काय?" "देते म्हटलं ना." "पण कशी?" "तुला दुधाशी मतलब." त्याच्या आवाजात लपवाछपवी होती, तेव्हाच कळायला हवं होतं. आणि नंतर तो फोन. एकदा सकाळी तिनं लावला, त्याच्या खिशात दाबला गेला असेल, आपोआप उचलला गेला. आतून बाईचा आवाज. बारीक, दबका, कुणाला तरी बोल लावत असल्यासारखा. शब्द कळले नाहीत. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली, मग एकदम खडखड झाली. "कोण होतं?" "कोण असणार? रेडिओ." घरातला रेडिओ तर केव्हाचा मुका. तेव्हा तिनं ते सोडून दिलं होतं. आज तो आवाज कानात परत परत येत होता, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो ओळखीचा होता. कुठंतरी ऐकलेला, रोजच्या ऐकण्यातला. तिनं गावातली एकेक बाई कानासमोर उभी केली. शेजारची शेळ्यावाली? तिचा आवाज फाटका. केंद्रावरची झाडूवाली? ती हेल काढून बोलते. गिरणीवाल्याची बायको? देवा, तिला तर दात नाहीत. कुणाचाच जुळेना, आणि तरी तो आवाज तिच्या इतका जवळचा होता की तो आठवताना तिचीच जीभ हलल्यासारखी व्हायची.

दुपारच्या सुटीत तिनं शेळ्यावालीला फोन लावला. इकडचं तिकडचं विचारलं, शेळी व्याली का, पाणी येतं का. शेळ्यावालीला तेवढं पुरलं. "मीच फोन करणार होते बाई तुला," ती म्हणाली, म्हणजे करणार नव्हती. "आम्ही आपलं लांबूनच बघतो. गोठ्याचं दार आतून लावून घेतात हल्ली दोन्ही वेळा. जाताना येताना कधी कुणी दिसत नाही, आत असते तेव्हाच फटीतून काय हिरवं दिसेल ते. चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं तुझ्या मालकांना." "मग?" "मग काय, हसले. नाही म्हणाले नाहीत." फोन ठेवल्यावर तिला ते हसणं स्पष्ट दिसलं. टपरीवरची माणसं बाकावर सरकून त्याला जागा देतायत, कुणी पाठीवर थाप मारतंय, आणि हा घुम्या मिशीत हसतोय. पुरुषाची बदनामीसुद्धा कशी अंगाला लागते बघा. बायको शहरात राबते म्हणून ज्याची कीव करायचे, त्याच्याकडं आता वळून बघत असतील. तिनं मुकादमाला पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. ते खोटं नव्हतं.

दूधगाडी परतायच्या वेळेला ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली. दूधगाडीवाल्याला म्हणाली, सुटी मिळाली, जाऊन येते. "दादांना कळवलंय?" "कळवलंय." वाटेत तो बोलत राहिला, ती कॅनचा खणखणाट ऐकत राहिली. काय करायचं ते तिनं ठरवलं होतं. भांडायचं नाही, रडायचं नाही. दावणीचं दावं सोडायचं, थोरलीला घेऊन सरळ लेकीच्या घरी जायचं. बिल्ल्यावर कुणाचं का नाव असेना, हाक मारली की ती कुणाच्या मागून चालते ते बघू दे गावाला. घर त्याचं, खाट त्याची, हिरवी साडी त्या बाईला लखलाभ. एवढं ठरलं तरी जीव शांत होईना. एकच भीती होती, ती नवऱ्याची नव्हती, त्या बाईचीही नव्हती. आपण हाक मारली आणि थोरली जागची हललीच नाही तर? ज्या हातानं ती पान्हवायला लागली त्याच हाताची झाली असेल तर? माणसं बदलतात, त्याला तिची तयारी होती. म्हशीच्या बदलण्याला नव्हती. गावाच्या अलीकडे वळणावर ती उतरली आणि बांधाबांधानं गेली, म्हणजे कुणी आधी जाऊन सांगायला नको.

दिवस कलला होता. संध्याकाळच्या धारेची वेळ. गोठ्याचं दार बंद, आतून लावलेलं. शेळ्यावाली खोटं बोलली नव्हती. घराचं दार मात्र नुसतं लोटलेलं. ती आत गेली. आत कुणाचं काही दिसतं का ते तिनं आधी पाहिलं, सवयीनं. एकच ताट पालथं घातलेलं. फणीत केस नाही. खाटेवरची चादर उलगडून बघितली: एकटा माणूस, एका कुशीवर, भिंतीकडं तोंड करून. तिला हे पटेना. ती विद्या खोटी ठरत नाही, पण मग फोनवरचा तो आवाज कुणाचा? ती खाटेवर बसली. आणि बसली तोच फळ्यांपलीकडून आवाज आला, "ये. ये गं माझी बाय. सरक जरा."

तोच आवाज, फोनवरचा. इतका जवळ की कानाशी बोलल्यासारखा. खाटेच्या उशाशी फळीला एक गाठ निखळून भोक पडलेलं होतं. तिनं डोळा लावला. हिरवी साडी. डोक्यावरून पदर, पाठमोरी, कासेखाली वाकलेली. उसवलेला काठ जमिनीला लोळत होता. आणि त्या काठाखाली दोन टाचा. भेगाळलेल्या, रुंद, चिखल वाळलेल्या. डाव्या पायाची करंगळी वाकडी. त्या करंगळीवर एकदा धाकटीचा खूर पडला होता आणि महिनाभर ती करंगळी हिनंच तेल लावून शेकली होती.

पोटातून हसू उसळलं, ते तिनं पदरानं दाबलं. मेल्या! म्हणजे एक बाई ठेवल्याचा डाग त्यानं मजेत मिरवला, पण बायकोची साडी नेसतो हे कुणाला कळू दिलं नाही. बायकोलासुद्धा नाही. संशयानं मी तिकडं वाळून गेले तरी चालेल, कुणी "मावशी" म्हणू नये. तिला हसू येत होतं, रागही येत होता, आणि दोन्हीच्या खाली केवढंतरी ओझं उतरल्यासारखं झालं होतं. आता हाक मारावी असं म्हणून ती उठणार, तेवढ्यात तो बोलायला लागला.

"घुम्या झोपलाय बघ," बारीक आवाज काढून तो म्हणाला. बाहेर संध्याकाळ होती. "दिवस डोक्यावर आला तरी याची रात्र सरत नाही. घोरतोय कसा, ऐक. आणि उठला की मीठ कमी. मीठ कमी तर मीठ घे ना बाबा, हात मोडलेत का?" हेल तिचा. शब्द तिचे. "मोडलेत का" म्हणताना थोडं थांबायचं, तेही तिचंच. तिचं हसू तोंडातच राहिलं. ती जिथं बसली होती ती त्याची खाट होती, इतकी वर्षं तो भिंतीकडं तोंड करून निजायचा ती. इथून चरवीत पडणारी धार वेगळी ऐकू येत होती, थोरलीचा श्वास वेगळा, आणि तिनं कासेला कपाळ टेकून पुटपुटलेला शब्दन् शब्द. रोज पहाटे. एक दिवस चुकला नसेल. आणि तो उठून बाहेर यायचा, चूळ भरायचा, हूं म्हणायचा.

पलीकडं धार लागत नव्हती. थोरली पान्हा चोरत होती. तो पुढं बोलत राहिला. "आई अंथरुणाला खिळली," तो म्हणाला. "चार दिवस जाऊन येते म्हटलं. तर म्हणतो, धार कोण काढणार." इथं तो थांबला. हे थांबणं तिचं नव्हतं. मग त्यानं नाक ओढलं. थोरलीनं मान वळवली असणार, कारण तो घोगऱ्या, स्वतःच्या आवाजात म्हणाला, "हो, हो, सांगतो. तेच पाहिजे ना तुला? त्याशिवाय द्यायची नाहीस." आणि पुन्हा तो बारीक आवाज काढून, अगदी हळू, म्हणाला, "तू आहेस म्हणून राहिले गं मी इथं. तू नसतीस तर केव्हाच निघून गेले असते. या घरात माझं दुसरं कोण आहे?"

चरवीत धार वाजली. मग दुसरी. मग दोन्ही हातांच्या, सरसर.

ते ती एकदाच बोलली होती. तिची तशी खात्री होती. पण जनावर एकदा ऐकलेल्या शब्दाला पान्हा सोडत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रोज ऐकलेल्यालाच सोडतं. म्हणजे ती ते रोज बोलत आली होती, शेवटी, धार यायच्या अगदी आधी. तिनं खाटेची कड धरली. नवऱ्याला पकडायला ती आली होती, आणि तिचंच बोलणं फळीपलीकडं एकेक उलगडलं जात होतं, डागासकट. तिला वाटलं, आल्या पावली जावं. बांधाबांधानं, कुणाला न दिसता. ती उठली तशी खाट करकरली.

धार थांबली. थोरलीनं फुसकारा टाकला आणि घशातून तो आवाज काढला, खोल, लांबट, जो ती जगात एकाच माणसासाठी काढायची. ती विसरली नव्हती. तिचे कान फळीकडं वळलेले भोकातून दिसत होते. हिरव्या पदराखालचं डोकंही हळूहळू वर झालं. लाजेनं त्यानं साडी फेडली नाही, दाराकडं धावला नाही. चरवी दोन्ही गुडघ्यांत तशीच धरून बसून राहिला. मग फळीकडं न बघता, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आलीस?"

तिनं फळीवर हात टेकला.

"मग पुढचं तूच बोल," तो म्हणाला. "मला एवढंच पाठ आहे."

ती पुन्हा खाटेवर बसली, भिंतीकडं तोंड करून. पलीकडं थोरली वाट बघत होती, आणि तोही.